गरुड सातचा पहिला आवाज

सकाळी नऊ वाजता मी माईकचं बटण दाबते आणि म्हणते, ‘कंट्रोल टू ऑल, ठावठिकाणा कळवा.’ मग जिल्ह्यातल्या एकतीस गाड्या एकामागोमाग उत्तर देतात. हे काम मी तेवीस वर्षं करते आहे. चेहरा न बघता माणूस ओळखायची इतकी सवय झाली आहे की बाजारात एखादा फौजदार समोर येऊन हसला तर मला तो ओळखू येत नाही. ‘नमस्कार ताई’ म्हणाला की मात्र लगेच कळतं, हा व्हिक्टर चार या गाडीवरचा, आणि याची सर्दी अजून हटलेली नाही.

त्या सोमवारी उत्तर आलं, ‘गरुड सात, नागझरी फाटा, सगळं ठीक, ओव्हर.’

समोरच्या पडद्यावर गरुड सातपुढे हिरवा दिवा लागला. गरुड सात म्हणजे उपनिरीक्षक सानिका खरात, माझी मुलगी. आमच्या घराण्यातली पहिली अधिकारी. सासरे शिपाई, मी हवालदार आणि ही दोन तारे लावणारी. तिला सॅल्यूट करताना माझा हात इतर साहेबांच्या वेळेपेक्षा दोन बोटं वर जातो, असं नियंत्रण कक्षातले लोक म्हणतात. जात असेल. मी कशाला नाही म्हणू?

दिवा हिरवा होता, पण त्या चार शब्दांत माझी मुलगी कुठेच नव्हती.

आता त्या दिव्याबद्दल सांगायला हवं. दीड वर्षापूर्वी आमच्याकडे एक यंत्र आलं. सरकारी नाव ‘स्वरताण निर्देशक’. शिपायांनी दोन दिवसांत त्याचं ‘चुगल्या’ करून टाकलं. वायरलेसवर जो बोलेल त्याचा आवाज हा चुगल्या ऐकतो आणि सांगतो की हा माणूस आतून किती झिजलाय.

ते कसं, तेही आम्हाला प्रशिक्षणात नीट समजावलं होतं. बोलताना गळ्यातले स्वरतंतू सेकंदाला शे-दोनशे वेळा थरथरतात. प्रत्येक थरथर आधीच्यासारखी हुबेहूब नसते. वेळेत आणि जोरात केसाएवढा फरक पडत असतो. मेंदूपासून निघून हृदयापर्यंत आणि पुढे पोटापर्यंत जाणारी एक लांबलचक नस आहे. धोका टळला, आता विसावा घे, हा निरोप ती शरीराला देते. तिचाच एक फाटा स्वरयंत्रात येतो. महिनोन्‌महिने ताण राहिला की तो विसाव्याचा निरोप क्षीण होत जातो आणि आवाजातल्या त्या बारीक फरकांची ठेवण बदलते. माणसाला सूर आवरता येतो, हसून बोलता येतं, हे फरक मात्र कुणाच्या हातात नसतात. त्याला जोड म्हणून बटण दाबल्यापासून पहिला शब्द येईपर्यंत किती वेळ गेला, हेही यंत्र मोजतं.

पिवळा दिवा लागला तर सात दिवस हलकं काम. तांबडा लागला तर शस्त्र जमा आणि एकवीस दिवस सक्तीची विश्रांती, सेवापुस्तकात कुठलाही डाग न लागता. एकाच्या आवाजाची दुसऱ्याशी तुलना करायची नाही, प्रत्येकाची तुलना फक्त स्वतःशी. त्यासाठी सुरुवातीचा एक महिना यंत्र नुसतं ऐकतं आणि हा माणूस ठणठणीत असतो तेव्हा कसा बोलतो ते मनाशी धरून ठेवतं. त्याला आम्ही ‘पायाचा महिना’ म्हणतो. तेवढं लक्षात ठेवा.

यंत्र आलं तेव्हा कक्षात पेढे मी वाटले होते. त्याला कारण होतं. सहा वर्षांपूर्वी सहायक फौजदार सर्जेराव बाबर सलग अकराव्या दिवशी बंदोबस्ताला होते. सकाळी नऊला ते म्हणाले, ‘सगळं ठीक.’ आवाज मला चमत्कारिक लागला होता. कोरा, पुसून ठेवलेल्या पाटीसारखा. पण नुसत्या ‘मला वाटतं’ला डायरीत रकाना नसतो. मी लिहिलं, ‘सगळं ठीक.’ दुपारी सव्वाबाराला भर चौकात ते शिट्टी तोंडात धरूनच खाली बसले, ते उठले नाहीत. ती डायरी अजून कपाटात आहे आणि त्या पानावर माझंच अक्षर आहे. म्हणून मला कानापेक्षा पक्कं काहीतरी हवं होतं.

आणि झालं असं की चुगल्यानं वर्षभरात आख्ख्या जिल्ह्यात फक्त दोन पिवळे दिवे लावले. तांबडा एकही नाही. मुख्यालयाच्या दारावर ‘ताणमुक्त जिल्हा, राज्यात प्रथम’ असा मोठा फलक लागला.

त्या सोमवारी संध्याकाळी सानिकाची गाडी सहा वाजता दारात आली आणि ती साडेसहाला घरात आली. मधला अर्धा तास ती नुसती गाडीत बसून होती. हल्ली रोजच बसायची. मी खिडकीतून बघायचे आणि ती आत आली की काही न बघितल्यासारखं करायचे.

‘जेवण वाढू?’

‘भूक नाही.’

‘सकाळचा डबा पण तसाच आणलायस.’

‘आई, नऊ दिवसांवर जत्रा आलीय. चौकशा नको करूस.’

नागझरीची जत्रा म्हणजे पाच लाख माणूस. देऊळ डोंगरावर आणि वर जायला दगडी पायऱ्या. यंदा त्या सगळ्या बंदोबस्ताची प्रमुख सानिका होती. जिथे माझे सासरे एकतीस वर्षं काठी घेऊन उन्हात उभे राहिले, तिथे त्यांची नात साडेचारशे पोलिसांना हुकूम देणार होती. हे ऐकलं त्या दिवशी मी सासऱ्यांच्या फोटोला हार घातला होता.

ती हातपाय धुवायला गेली तेव्हा टेबलावरचा बंदोबस्ताचा नकाशा मी सहज सरळ केला. पूर्वेच्या पायऱ्यांवर हिरवा बाण वर जाणारा होता. त्याच पायऱ्यांवर तांबडा बाण खाली येणारा. पश्चिमेच्या पायऱ्या मोकळ्या. म्हणजे चढणारे आणि उतरणारे मधल्या वळणावर समोरासमोर.

‘सानू, हे बघितलंस का?’

ती आली, बघितलं. ‘दोनदा तपासलंय मी.’ मग पुन्हा बघितलं, आणि पेन घेऊन बाण खोडला. घाबरली नाही, चिडली नाही, जीभसुद्धा चावली नाही. मला भीती वाटली ती याचीच. ही मुलगी ट्रेनिंगमध्ये एक गोळी चुकली म्हणून रात्रभर रडलेली.

‘चार दिवस रजा टाक,’ मी म्हणाले.

‘जत्रेच्या तोंडावर सिक मारू? लोक काय म्हणतील, बाई म्हणून जमलं नाही? आणि तुझा चुगल्या हिरवा म्हणतोय ना? तूच तर पेढे वाटलेस.’

मी तिचं ताट झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी शिपाई समाधान ढेकळे रजेवरून आला. लग्न झालं होतं, नंतर बायकोला घेऊन बारा दिवस वेंगुर्ल्याला राहून आला होता. चांगला गुबगुबीत, तुकतुकीत दिसत होता. नऊच्या हजेरीला तो खणखणीत आवाजात म्हणाला, ‘गरुड बारा, बस स्थानक चौक, सगळं ठीक, ओव्हर!’

चुगल्यानं तांबडा दिवा लावला. जिल्ह्यातला पहिला.

कक्षात हशा पिकला. ‘बारा दिवसांत बायकोनं गडी पार पिळून काढला की!’ कुणीतरी म्हणालं. समाधान धावत आला आणि रडकुंडीला येऊन मला म्हणाला, ‘ताई, आईशपथ सांगतो, मला काय बी झालेलं न्हाई. आयुष्यात पयल्यांदा झोप पुरी झालीया. ह्ये यंत्र माझी अब्रू काढतंय.’

सगळे हसत होते. मीही हसत होते, आणि हसता हसता थांबले.

हा मुलगा विश्रांती घेऊन आला होता. त्याचा आवाज पायाच्या आवाजापेक्षा फार वेगळा होता. यंत्राला फक्त फरक दिसतो; फरक चांगल्याकडे की वाईटाकडे हे त्याला कळत नाही, कारण पायाच्या महिन्यात माणूस ठणठणीत होता हे त्यानं गृहीतच धरलेलं असतं. मग समाधानच्या पायाच्या महिन्यात काय चाललं होतं?

मी जुनी फाइल काढली. पायाचा महिना होता सप्टेंबर. निवडणूक आणि तिला जोडून गणपती. सगळ्यांच्या रजा बंद, साप्ताहिक सुट्या बंद, सोळा सोळा तासांची ड्युटी. तो महिना का निवडला याचं कारण फाइलवर स्वच्छ लिहिलं होतं: ‘या महिन्यात रजा बंद असल्याने सर्व अधिकारी व अंमलदार हजर राहतील, त्यामुळे नोंद परिपूर्ण होईल.’

खाली सूचना करणाऱ्याची सही होती. हवालदार शालन खरात.

तेवीस वर्षं खात्यात काढल्यावरच असली चूक सुचते. सगळे हजर म्हणजे सगळे ठीक, हे आमच्या रक्तातच भिनलं आहे. आख्खा जिल्हा दमलेला असताना मी यंत्राला सांगितलं की बघ, निरोगी पोलीस असा बोलतो. दीड वर्ष ते इमानानं तेच मानत होतं. माणूस त्याच दमलेल्या आवाजात बोलत राहिला की हिरवा.

पण हे सिद्ध कसं करायचं? कुणाचा तरी खरा, ताजा आवाज हवा होता, आणि नियमाप्रमाणे ध्वनिमुद्रण वर्षाने पुसलं जातं. पुसायचं काम माझंच. मी ते चोख करते. एका महिन्याचा अपवाद सोडून.

तीन वर्षांपूर्वी अकादमीतून बाहेर पडून, पंधरा दिवस घरी लोळून सानिका रुजू झाली तो महिना. तिचे रोजचे नऊचे निरोप मी पुसले नव्हते. आईपणा केला होता. माझ्या खणात एका डबीतल्या पेनड्राइव्हवर ते होते, आणि ते ठेवणं हा शिस्तभंग होता.

एक दिवस मी त्या खणाला हात लावला नाही. माझ्यावर कारवाई झाली असती, त्याचं काही नाही. पण ती डबी उघडली तर सानिकाचा बंदोबस्त जाणार होता. आईनंच तिला खाली ओढलं असं ती जन्मभर म्हणू शकली असती. मग बाबर साहेबांचं पान डोळ्यांसमोर आलं. पुन्हा एकदा ‘सगळं ठीक’ लिहायचं, आणि तेही स्वतःच्या लेकीपुढे, हे माझ्याच्यानं होणार नव्हतं. डबी घेऊन मी अधीक्षक इनामदार मॅडमकडे गेले.

यंत्र सांभाळणाऱ्या माणसानं सानिकाच्या जुन्या महिन्याचा पाया घातला आणि त्यावर या आठवड्याचा आवाज लावला. पडदा तांबडा झाला. पिवळ्यावर तो क्षणभरही थांबला नाही.

मॅडमनी डबी उचलून हातात धरली. ‘हे मुद्रण तुम्ही ठेवायला नको होतं.’

‘हो, मॅडम.’

‘लेखी खुलासा द्या.’

‘देते.’

‘ठेवलंत ते बरं केलंत, हे मात्र मी लेखी देणार नाही.’ त्या खिडकीपाशी गेल्या. खाली ताणमुक्त जिल्ह्याचा फलक दिसत होता. ‘बाकीच्यांचे जुने आवाज तर पुसले गेलेत. नवे पाये घ्यायला वरून मंजुरी यायला महिना जाईल. सानिकाला मी माझ्या अधिकारात आज काढू शकते. पण मग जिल्हाभर होईल काय? आईनं चुगली केली आणि मुलीचा बंदोबस्त गेला. उद्यापासून एकही माणूस वायरलेसवर खरं बोलणार नाही. परवा सकाळपर्यंत थांबते. तिनं स्वतः मागितलं तर फार बरं होईल, खरात. नाही मागितलं तर मी काढणार.’

घरी गेल्यावर मी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. सानिका ताडकन उठली.

‘माझी परवानगी न घेता? तू माझी आई आहेस की कंट्रोल?’

‘दोन्ही. त्यातच माझं मरण आहे.’

‘आजोबा एकतीस वर्षं उभे राहिले तिथे! एकदा तरी सिक मारली?’

‘नाही मारली. आणि जत्रेवरून घरी आले की आठ आठ दिवस कुणाशी बोलायचे नाहीत. तुझे बाबा लहान होते, ते घाबरून शेजारी जाऊन झोपायचे. त्याला आम्ही शिस्त म्हणत आलो, सानू. ते काय होतं ते आता मला कळतंय.’

मी मोबाईल टेबलावर ठेवला आणि त्यात उतरवून आणलेला तिच्या पहिल्या दिवसाचा निरोप लावला.

‘गरुड सात कॉलिंग कंट्रोल! उपनिरीक्षक सानिका खरात, चार्ज घेतलाय. सगळं ठीक आहे... एकदम भारी आहे! ओव्हर.’

वायरलेसवर ‘एकदम भारी’ म्हणायची पद्धत नाही. त्या दिवशी आख्खा जिल्हा हसला होता. व्हिक्टर एक म्हणजे निरीक्षक जहांगीर मुलाणी, सगळ्यांत कडक माणूस, त्यांनी मध्येच बटण दाबून ऐकवलं होतं, ‘रॉजर गरुड सात, बाकीच्यांसाठी पण थोडं भारी शिल्लक ठेवा.’ तेही त्यात होतं.

सानिकानं पुन्हा लावायला सांगितलं. मग तिसऱ्यांदा.

‘ही कुठे गेली गं, आई?’ ती हळूच म्हणाली. ‘परवा एक म्हातारी आली होती, नातू हरवला म्हणून. तिच्याकडे बघून मला काहीच वाटलं नाही. फॉर्म पुढे सरकवला. नातू सापडला, तेव्हाही काही वाटलं नाही. मला जत्रेची भीती वाटत नाही. कशाचीच वाटत नाही. पाच लाख माणसं म्हणजे नुसता आकडा झालाय.’

मी तिला जवळ घेतलं. ताठ बसली होती. बऱ्याच वेळानं तिचे खांदे खाली आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी बटण दाबलं. गरुड चार, गरुड पाच, गरुड सहा. मग शांतता. एरवी तिचं उत्तर पापणी लवायच्या आत येतं.

‘गरुड सात कॉलिंग कंट्रोल.’

‘बोला, गरुड सात.’

‘सगळं ठीक नाही.’ आवाज कापत होता, पण एकेक शब्द स्वच्छ होता. ‘मी दमलेय. जत्रेच्या नकाशात पायऱ्यांची मोठी चूक केली होती, दोनदा बघूनही मला दिसली नाही. लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे. जत्रेला रिलीव्हर पाहिजे. मला विश्रांती पाहिजे. ओव्हर.’

एकतीस गाड्यांनी, आणि त्यांच्या जोडीला प्रत्येक ठाण्यातल्या सेटवर बसलेल्यांनी ते ऐकलं. तेवीस वर्षांत हे वाक्य मी कधीच ऐकलं नव्हतं. कुणीही बटण दाबेना. मला वाटलं, आता कुणीतरी हसणार. हसलं असतं तर मी माईकवरून शिव्या घातल्या असत्या, नोकरी गेली तरी बेहत्तर.

मग खरखर झाली.

‘व्हिक्टर एक टू गरुड सात.’ मुलाणी साहेब. ‘मी रिलीव्ह करतोय. नकाशा घेऊन ये पोरी, सोबत बसून बघू. चूक समजल्यावर सांगायला आमच्यात कुणाची छाती झाली नव्हती.’ ते थांबले. ‘आणि कंट्रोल, नोंद घ्या. जत्रा झाली की व्हिक्टर एकलापण रिलीव्हर लागेल. मोठी रजा घेऊन चौदा वर्षं झाली. ओव्हर.’

‘गरुड तीन, जत्रेनंतर मलाही.’

‘व्हिक्टर चार. मलाबी, ताई.’

मी लिहीत गेले. अकरा नावं झाली. पडद्यावर सगळीकडे हिरवेच दिवे होते आणि मी एकदाही तिकडे बघितलं नाही. माझी मुलगी माझ्या नजरेत त्या दिवशी जितकी उंच झाली, तितकी तारे लागले तेव्हाही झाली नव्हती.

जत्रा सुखरूप पार पडली. पूर्वेकडून चढायचं, पश्चिमेकडून उतरायचं. सानिका एकवीस दिवस घरी होती. पहिले सहा दिवस नुसती झोपली. आठव्या दिवशी भाजीत मीठ कमी आहे म्हणून माझ्याशी कडाकडा भांडली, तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली.

मंजुरीही आली. आता आधी प्रत्येकाला पंधरा दिवस रजा, मग पायाचा महिना. नव्या पायावरचा पहिला अहवाल निघाला तेव्हा राज्यात सगळ्यांत जास्त तांबडे दिवे आमच्या जिल्ह्यात होते. मॅडमनी दारावरचा फलक उतरवला आणि अधीक्षकांच्या परिषदेत ताठ मानेनं सांगितलं, ‘आमच्या जिल्ह्यात पोलीस दमतात, हे आम्हाला कळलं आहे. तुमच्या जिल्ह्यात दमत नाहीत का?’ खुलाशावर मला ताकीद मिळाली. ती मी घरी चौकटीत लावली आहे, सासऱ्यांच्या फोटोशेजारी.

पण हे सगळं व्हायच्या आधी, विश्रांती संपवून सानिका कामावर आली तो सोमवारच होता.

‘गरुड सात, नागझरी फाटा, सगळं ठीक! ओव्हर.’

दिव्याकडे बघायची गरज नव्हती. आली होती माझी मुलगी. मी बटण दाबलं, पण ‘रॉजर’ म्हणायला नेहमीपेक्षा उशीर झाला.

बटण पुन्हा दाबलं गेलं. ‘गरुड सात टू कंट्रोल. एक विचारू? चुगल्या आमचे आवाज ऐकतो. कंट्रोलचा कोण ऐकतं? तुमचा पायाचा महिना कधी झाला, ओव्हर?’

मला फाइल उघडायची गरज नव्हती. बाहेरून येणारे आवाजच यंत्राला जोडले होते. कक्षातून जाणारा जोडायचं कुणाला सुचलं नव्हतं, मलाही नाही. तेवीस वर्षं मी बाकीच्यांना विचारत आले. शेवटची मोठी रजा मी सानिकाच्या दहावीला घेतली होती.

सगळ्या गाड्या ऐकत होत्या. मी माईक जवळ ओढला.

‘कंट्रोल टू ऑल. रिलीव्हर पाहिजे. ओव्हर.’

एकतीस गाड्यांनी एकाच वेळी बटण दाबलं. नुसता कल्लोळ, एक शब्द कळेल तर शपथ. ‘रॉजर’ मात्र सगळेच म्हणत होते. मी डायरी ओढली आणि त्या अकरा नावांखाली बारावं लिहिलं, शालन खरात. अक्षर नेहमीपेक्षा मोठं आलं.